कुठवर उतरला?

डॉ. शामसुंदर गायधनी यांनी विंचवाच्या विषापायी हयात घालवली होती. मज्जापेशीच्या भिंतीत सोडियमला आत सोडणारी इवली दारं असतात, विष ती मिटूच देत नाही, आणि मग पेशी नुसती बोंबलत सुटते, हे ते नाशिकच्या प्रयोगशाळेत झकास दाखवत. पेठजवळच्या पाड्यावर मात्र बोंबलणारी पेशी त्यांची स्वतःची निघाली.

निमित्त व्याख्यानाचं. विषय, 'विंचू चावला तर मंत्र नको, दवाखाना गाठा.' बरणीतला लाल विंचू दाखवता दाखवता साहेबांचं बोट आत गेलं. विंचवाचं विष त्यांनी सकाळीच काढून घेतलं होतं, म्हणून जिवाला धोका नव्हता. पण उरल्यासुरल्यानेच साहेब "आई गं!" करून सगळ्या पाड्यासमोर खाली बसले.

गावाचे विंचू उतरवणारा पुंजाबाबा लिंबाचा डहाळा घेऊन धावला. व्याख्यान त्याच्याच विरोधात होतं आणि तो पहिल्या रांगेत बसून मान डोलावत होता.

"हात द्या सायेब. कुठवर चढलाय?"

"खांद्यापर्यंत," साहेबांच्या तोंडून निघून गेलं.

डहाळा फिरला. "आता?"

"कोपरात."

खरं तर खांदा तसाच पेटलेला होता. पण म्हातारा घामाघूम झाला होता, माणसं आशेने बघत होती, आणि साहेब म्हणजे पंगतीत आग्रह झाला की भरल्या पोटी 'वाढा' म्हणणारा माणूस.

"आता?"

"मनगटात... उतरला हो बाबा, उतरला!"

टाळ्या पडल्या. व्याख्यानाला पडल्या नव्हत्या एवढ्या.

पुढच्याच आठवड्यात तिथल्या दवाखान्यातून डॉक्टर योगिनीचा फोन आला. पाड्यावरच्या सगुणाबाईंना विंचू चावला होता. शामसुंदर पोचले तेव्हा बाईंचं अंग घामाने चिंब होतं, हातपाय गार.

"सर, औषध दिलंय, पण बाईंना फार उशिरा आणलं," योगिनी म्हणाली. "आधी उतरवून घेत बसल्या होत्या. तुमचं नाव सांगतात."

शामसुंदर बाकावर बसून राहिले. चहा आला, गार झाला. संध्याकाळी सगुणाबाईंनी डोळे उघडले.

"सायेब, तुमचा खरंच उतरला व्हता का?"

"नाही."

"मंग म्हणलात का तसं?"

"लाज वाटली."

"मला बी," सगुणाबाई म्हणाल्या. "कळा तर लय येत व्हत्या. पण एवढ्या मोठ्या सायबाचा उतरतो आन् माझाच कसा उतरत नाय? म्हणलं, उतरला."

दारात पुंजाबाबा उभा होता. विचारपूस करायला आला होता.

"म्हंजी आजवर सगळे मला असंच म्हणत व्हते?" त्याने हळूच विचारलं.

शामसुंदर उठून त्याच्यापाशी गेले, पण वर बघवेना.

"बाबा, मी पाड्यावर येऊन सगळ्यांसमोर सांगतो. खोटं मी बोललो. तुम्ही नाही."

"सांगा की." म्हातारा म्हणाला. "मी पयल्या रांगेत बसलो तर चालंल ना, सायेब?"