सुपडूमामांचा कावळा

दहाव्याचं ऊन डोक्यावर आलं तरी पिंडाला कावळा शिवेना. पांझरेच्या काठावर आम्ही पन्नासेक माणसं हात जोडून बाभळीकडे बघत होतो. पोटात कावळे होते, बाभळीवर नव्हते. ते सगळे हायवेवरच्या ढाब्यामागे असतात, हे सर्वांना ठाऊक होतं. पण अशा वेळी तसं बोलत नाहीत.

"नाना, आते उतर रे भो," जीवराम ओरडला. नाना म्हणजे सुपडूमामा, आणि हा त्यांचा जिवाचा दोस्त. "बठ्ठा लोक उपाशी शेतस!"

सुपडूमामा जिवंत असते, तर खदाखदा हसले असते. त्यांनी उभ्या जन्मात घरात बसून एक काम केलं नाही. मासे धरले, मध काढला, थंडीत कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून नदीकाठी साऱ्या गावाला भरीत खाऊ घातलं. तितर, कोल्हा, कावळा, सगळ्यांचे हुबेहूब आवाज काढायचे. सत्तरीत उंबरावर पोळं काढायला चढले आणि पडले. पोळ्याला काही झालं नाही.

कावळ्याच्या आवाजाचा उपयोग ते दहाव्यालाच करत. कुणाच्याही दहाव्याला मामा आधीच झुडपात लपायचे. वारसांनी मेलेल्याला शब्द द्यायचा आणि मामांनी तो झुडपातून तोलायचा. पसंत पडला, तर अडकलेल्या पिल्लासारखं ओरडायचे. मग ढाबा सोडून सगळे कावळे हजर! प्रेमराजचा बाप गेला, तेव्हा प्रेमराजने गोड जेवण कबूल केलं, गायदान कबूल केलं. झुडूप गप्प. शेवटी घामाघूम होऊन म्हणाला, "मायले तिनी खोली परत देसू!" लगेच काव काव. म्हातारी अजून त्या खोलीत आहे. कावळ्यासमोर दिलेला शब्द मोडायची आमच्याकडे कुणाची छाती नाही.

ही गंमत फक्त त्यांच्या बायकोला, पार्वतामामींना, आणि मला माहीत होती.

आता शब्द द्यायचा होता धाकट्या अभिमनमामांनी. सुपडूमामांना मूलबाळ नाही. नदीवरचं वावर ते दोघं नवरा-बायको कसायचे, पण कागदावर ते अभिमनमामांचं. तेवढंच एक वावर मामींच्या पोटापुरतं.

"दादा, तुना कुत्राले रोज भाकर टाकसू," अभिमनमामा म्हणाले.

बाभूळ गप्प.

"अरे, त्याना जीव कुत्रामा नही," जीवराम खेकसला, "पार्वतावहिनीमा शे! नदीवरनं वावर तिना नाववर करी देसू म्हन."

अभिमनमामांनी उपरण्याने कपाळ पुसलं. उन्हात डोकं तापलं होतं, पन्नास भुकेली माणसं बघत होती.

"करी देसू! वावर वहिनीना नाववर करी देसू. बठ्ठा साक्षी शेतस. आते तं शिव!"

सगळ्यांनी माना वर केल्या. आभाळ कोरडं ठक्क. तेवढ्यात झुडपाआडून आवाज आला. घोगरा, फाटका, मध्येच खोकल्यात अडकलेला. बायकांच्या घोळक्यातून उठून पार्वतामामी कधी तिकडे गेल्या, कुणाला कळलं नाही. डोक्यावरचा पदर काट्यात अडकला होता आणि त्या कावळ्यासारखं ओरडत होत्या.

"मामी येडी व्हयनी वो माय," कुणीतरी म्हणालं.

"नाना व्हता तवय शिकी लेवानं ना, वहिनी!" दुसरा म्हणाला, आणि दहा दिवसांचं दुःख पोटभर हसलं.

बायकांनी मामींना धरून आणलं. गुरुजींनी घड्याळ बघितलं. त्यांना धुळ्याला दुसरं कार्य होतं. "दर्भाचा कावळा करू. शास्त्रात आहे." चार काड्यांना गाठ मारली, पिंडाला लावली, आत्मा मोकळा झाला.

पंगतीला निघताना जीवरामने वावराचं विचारलं.

"खरा कावळा शिवता, तं देतू," अभिमनमामा शांतपणे म्हणाले. "गवतना कावळाले काय समजस वावरनं?"

पार्वतामामी थांबल्या. "गवतना कावळा तुना भाऊले चालना. तुले काबर नही चालत, अभिमनभाऊ?"

प्रश्न बिनतोड होता. म्हणून पन्नासच्या पन्नास माणसांना तो एकाच वेळी ऐकू आला नाही. जीवरामनेही चपला शोधायला घेतल्या. मला धुळ्याची बस होती.

जूनमध्ये अभिमनमामांनी त्या वावरात कपाशी लावली. पार्वतामामी तिथे निंदायला जातात. रोजाने.