नाव गुप्त ठेवण्यात यावे

अरुणा हर्डीकरांनी केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात बत्तीस वर्षं 'गोपनीय' शिक्क्याच्या फायली सांभाळल्या आणि त्यातला एक शब्दही कधी बाहेर जाऊ दिला नाही. त्या फायलींमध्ये सांगण्यासारखं काही नसायचं, ही गोष्ट वेगळी. निवृत्त झाल्यावर त्या राजधानीच्या द्वारका उपनगरातल्या 'इंद्रायणी कुंज' सोसायटीच्या सेक्रेटरी झाल्या. साठ फ्लॅट, निम्मी माणसं मराठी, आणि इथे मात्र सांगण्यासारखं रोज काहीतरी घडत होतं.

जानेवारीतल्या एका गुरुवारी संध्याकाळी गुरुग्रामच्या वाटेवरच्या मॉलमध्ये एका माणसाने गोळीबार केला. चार जण गेले, अकरा जखमी झाले. रात्री जेवायच्या आतच त्याचा व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर आला. अरुणाताईंनी लगेच लिहिलं, "असे व्हिडिओ कृपया टाकू नयेत. उद्या त्यात आपलंच कुणी असेल तर?" तो टाकण्यालायक नाही याची खात्री करण्यासाठी त्यांनी तो स्वतः दोनदा पाहिला होता.

शुक्रवारी सकाळी नऊला बेल वाजली. दारात चारशे दोनमधली निधी उभी होती. ही आणि देविका सरंजामे, अशा पुण्याच्या दोन मुली तिथे भाड्याने राहायच्या, दोघीही आयटीत. निधीच्या अंगावर कालचेच कपडे होते.

"काकू, देविका त्या मॉलमध्ये होती. खांद्याला गोळी लागली. ऑपरेशन झालंय, ठीक आहे ती. तिची आई येतेय फ्लाइटने. ही चावी ठेवा, मी परत हॉस्पिटलला चाललेय. आणि प्लीज, कुणाला सांगू नका. पोलिसांनाही तिने सांगितलंय, नाव बाहेर नको."

"अगं, हे मला सांगायला हवं का?" अरुणाताई म्हणाल्या, आणि त्या क्षणी ते अगदी मनापासून म्हणाल्या.

नवऱ्याला सांगणं हे सांगण्यात धरत नाहीत. विश्वासरावांनी पेपर खाली ठेवला आणि विचारलं, "पण लपवायचं का आहे तिला?" हा प्रश्न अरुणाताईंना सुचला नव्हता. तो एकदा डोक्यात शिरला आणि मग निघेना.

साडेअकराला खंडेराव शितोळ्यांचा फोन आला. हे हवाई दलातून निवृत्त झालेले, मराठी मंडळाचे अध्यक्ष. दर संक्रांतीला मंडळाची बस पानिपतला, लढाईच्या काला अंब स्मारकावर जाते. तिची यादी ते पक्की करत होते.

"देविका सरंजामे, सीट नंबर चौदा. नक्की ना?"

"ती येणार नाही," अरुणाताई म्हणाल्या.

"का? परवा तर खिडकी मागत होती."

बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांना हा प्रश्न कधी कुणी विचारला नव्हता. 'सर्दी झालीय' असं ओठांवर आलं होतं, पण एका फौजी माणसाशी खोटं कसं बोलायचं? त्यांनी आवाज खाली आणला. "फक्त तुम्हाला म्हणून सांगते, खंडेराव..."

"माझ्याकडून बाहेर जाणार नाही," खंडेराव म्हणाले. त्यांनी ते पाळलंही असतं, पण रक्त लागलं तर माणसं तयार हवीत, म्हणून त्यांनी फक्त दोघांना सांगितलं. त्या दोघांनीही रक्तापुरतंच सांगितलं. तीन वाजता गेटवरचा गार्ड अरुणाताईंना म्हणाला, "मैडम, चार सौ दो वाली दीदी को गोली लगी है ना? बहुत बुरा हुआ." चारला निधीचा फोन आला. ती रडत नव्हती, पण तिचा आवाज एकदम सपाट झाला होता.

"काकू, इथे हॉस्पिटलच्या लॉबीत आपल्या सोसायटीचे अठरा लोक आलेत. हॉस्पिटलवाले म्हणतायत रक्त नकोय, तरी जात नाहीत. फोटो काढतायत."

अरुणाताईंना धक्काच बसला. इतका विश्वासघात कुणी केला असेल, याचा त्या रात्रभर विचार करत राहिल्या, आणि खंडेरावांपाशी येऊन दरवेळी थांबल्या. त्यांच्या अलीकडे कोण होतं, हे आठवायचं त्या टाळत होत्या.

रविवारी सकाळी बागेत उन्हात मंडळाची बैठक भरली. विषय पानिपतच्या बसचा होता, पण बसबद्दल कुणी बोललं नाही. खंडेराव उभे राहिले. "यंदा काला अंबवर आपण देविकासाठी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू."

"अहो, ती जिवंत आहे," विश्वासराव म्हणाले.

"मग एक मिनिट राहू."

मग तर्क सुरू झाले. नाव का लपवतेय? ऑफिसला रजा टाकून गेली असेल. दुसरीकडे इंटरव्ह्यू असेल. बरोबर कोणी मुलगा असेल. एका बाईंनी तर मुलाची उंचीही सांगितली. अरुणाताईंना ऐकवेना. त्या ताडकन उठल्या आणि म्हणाल्या की आता पुरे, यावर लेखी काहीतरी काढलंच पाहिजे. सर्वांनी टाळ्या वाजवल्या. मसुदा करणं हा त्यांचा हातखंडा होता. अर्ध्या तासात सूचना तयार झाली.

"सर्व रहिवाशांस कळविण्यात येते की, फ्लॅट क्र. ४०२ येथील कु. देविका सरंजामे (वय २६) यांच्या इच्छेनुसार त्यांचे नाव, पत्ता, तसेच दुखापतीचे स्वरूप (उजवा खांदा) कटाक्षाने गुप्त ठेवण्यात यावे."

विश्वासरावांनी चष्मा वर करून वाचलं. "यात तर सगळंच आहे की."

"मग काय गुप्त ठेवायचं ते सांगायला नको? मोघम आदेश कुणी पाळत नाही."

सूचना एकमताने मंजूर झाली. बिगरमराठी रहिवाशांसाठी तिचा हिंदी अनुवाद झाला आणि तो गेटवर, बाहेरच्या बाजूने, चिकटवला गेला.

सोमवारी दुपारी तो कागद एका वाहिनीवर लाल वर्तुळात झळकला आणि तासाभरात गेटवर दोन कॅमेरे उभे राहिले. अरुणाताई शाल गुंडाळून तरातरा खाली गेल्या. "शरम नहीं आती आप लोगों को? हमारी बच्ची की निजता का सवाल है! चौथी मंज़िल पर कोई नहीं जाएगा!" असं म्हणताना त्यांचा हात आपोआप चौथ्या मजल्याकडे गेला, आणि हाताच्या मागोमाग दोन्ही कॅमेरेही गेले. बाल्कनीत देविकाचा पिवळा टॉवेल वाळत होता. तो संध्याकाळच्या बातम्यांत दिसला.

पुण्याहून भाचीचा फोन आला, "मावशी, टीव्हीवर काय मस्त दिसलीस गं!" अरुणाताईंना क्षणभर बरं वाटलं. मग त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि गॅस न पेटवताच पुष्कळ वेळ ओट्यापाशी उभ्या राहिल्या. खाली जाऊन त्यांनी तो कागद फाडून आणला, पण तोपर्यंत त्याचे फोटो गाझियाबादपासून पुण्यापर्यंत पोचले होते.

गुरुवारी देविका घरी आली. गेटवर खंडेराव पुष्पगुच्छ घेऊन उभे होते, म्हणून निधीने टॅक्सी तळघरातल्या पार्किंगमध्ये नेली. दुपारी अरुणाताई मुगाची खिचडी घेऊन वर गेल्या. देविकाची आई आत झोपली होती. देविका खुर्चीत बसली होती. हात गळ्यात बांधलेला, केस निधीने वेडेवाकडे विंचरलेले. एवढीशी दिसत होती.

"बसा ना काकू."

अरुणाताई बसल्या. माफी मागायची असं ठरवून आल्या होत्या, पण तोंडून दुसरंच निघालं. "एक विचारू? रागावू नकोस. कारण काय होतं गं? म्हणजे आधी कळलं असतं तर आम्ही त्याप्रमाणे..."

"काय म्हणतायत लोक?"

अरुणाताईंनी चाचरत सांगितलं. रजा, इंटरव्ह्यू, मुलगा. उंचीचं ऐकून देविका हसली आणि खांदा दुखला म्हणून लगेच थांबली.

"कारण काहीच नाही, काकू. मी कानातले बदलायला गेले होते. एकाची फिरकी ढिली होती. माझ्यापुढे रांगेत एक बाई होत्या, त्या गेल्या. त्यांचं नाव मला हॉस्पिटलच्या टीव्हीवर कळलं. मुलांची शाळा, नवऱ्याचं ऑफिस, लग्नातला फोटो, सगळं. माझ्याशी त्या फक्त, 'बहुत ठंड है ना' एवढंच बोलल्या होत्या. मला वाटलं, आपलं असं नको. बस. त्याला कारण लागतं का?"

अरुणाताईंनी डब्यातली खिचडी वाटीत काढून तिच्यापुढे ठेवली.

"आज लिफ्टमध्ये तिघं भेटले. चार मजल्यांत तिघांनीही विचारलं, गोळीचा आवाज कसा असतो."

"देविका, ते माझ्यामुळे झालं," अरुणाताई एका दमात म्हणाल्या. "खंडेरावांना पहिल्यांदा मीच सांगितलं."

"माहितीय मला. खंडेराव काकांनीच सांगितलं, हॉस्पिटलमध्ये. म्हणाले, अरुणाताईंना कळू देऊ नकोस, त्यांना वाईट वाटेल."

देविका त्यांना बोलली नाही, ओरडली नाही. खिचडी तिने डाव्या हाताने खाल्ली, थोडी सांडली. अरुणाताईंनी पुढे होऊन पुसायला हात केला, तर ती म्हणाली, "राहू द्या, मी करते." अरुणाताईंना ते सगळ्यात जास्त लागलं.

फेब्रुवारीत दोघी मुली सोसायटी सोडून गेल्या. सामान नेण्याच्या परवानगीच्या अर्जावर नवा पत्ता होता: वैशाली, गाझियाबाद. अरुणाताईंनी सही केली, अर्ज कपाटात ठेवला आणि किल्ली पर्समध्ये टाकली. लोक विचारू लागले, कुठे गेली हो ती? "मला कल्पना नाही," अरुणाताई म्हणायच्या. हे वाक्य त्यांना जड जायचं. लोकांना तर ते पचेचना. "सेक्रेटरीला माहीत नाही म्हणजे काय?" खंडेराव चारचौघांत म्हणाले. "मग माहीत कुणाला असणार?" मार्चमध्ये निवडणूक झाली. सोसायटीला लक्ष देणारा सेक्रेटरी हवा, असं बहुतेकांचं मत पडलं आणि अरुणाताई अकरा मतांनी हरल्या. विश्वासराव म्हणाले, "मला तरी सांग, कुठे आहे ती." त्यांनाही सांगितलं नाही. ते दोन दिवस रुसले.

एप्रिलमधल्या एका रविवारी अरुणाताई एकट्याच मेट्रोत बसल्या आणि निळ्या मार्गाने थेट वैशालीला उतरल्या. आधी फोन करून 'येऊ का' असं विचारलं होतं. देविकाने थोडं थांबून 'या' म्हटलं होतं. तिचा हात आता कानापर्यंत वर जात होता. तिघी जणींनी चहा घेतला. घरमालकीण, पाण्याची वेळ, ऑफिसची नवी मॅनेजर, अशा गप्पा झाल्या. मॉलचा विषय अरुणाताईंनी काढला नाही. निघताना देविका स्टेशनपर्यंत सोडायला आली.

परतल्या तेव्हा खंडेराव गेटवरच होते.

"काय अरुणाताई, कुठे दौरा?"

"बँकेत गेले होते."

"रविवारी?"

"हो," अरुणाताई म्हणाल्या आणि लिफ्टकडे वळल्या.

संध्याकाळपर्यंत सोसायटीभर झालं की निवडणूक हरल्यापासून अरुणाताईंना वारांचं भान राहिलेलं नाही. ते त्यांच्याही कानावर आलं. त्यांनी कुणाकडे काहीही खुलासा केला नाही.