जिन्याखालचा सोबती

मित्रांनो, जिन्याखालच्या कोनाड्यात एक हिरवा दिवा लुकलुकताना दिसतो ना, तो माझाच. मी या घरातला जुना इन्व्हर्टर. शेजारची जाडजूड बॅटरी म्हणजे माझे पोट. वीज असते तेव्हा मी पोटभर साठवून घेतो आणि वीज गेली की घराला पुरवतो.

मला बसवणाऱ्या वायरमनने बजावले होते, "दोन पंखे, चार दिवे, एखादं लहान मशीन, बस्स. इस्त्री, गिझर याच्यावर लावाल तर हा मान टाकेल." घरातल्या बाबांनी ते मनावर घेतले. बाबा घड्याळजी होते. हातात कायम भिंग. महिन्यातून एकदा ते मला बंद करत, हातमोजे घालत आणि भिंगातून बॅटरीच्या खुणा पाहत. पाणी उतरले असेल तर दुकानातून आणलेले शुद्ध पाणी घालत, तेही खुणेपर्यंतच. मग कोरड्या फडक्याने माझी पाठ पुसत. त्यांची धाकटी मुलगी हसायची, "बाबा, एवढे लाड तर माझेही केले नाहीत!"

"ठमे, तू भूक लागली की घर डोक्यावर घेतेस. याला बोलता येतं का?"

पुढे बाबांची फुप्फुसे थकली. वरच्या खोलीत हवेतून प्राणवायू काढून देणारे मशीन आले. वीज गेली की ते माझ्यावर चाले. बाबांचा श्वास माझ्या तारेतून वर जाई. खरे सांगतो, तेवढा मान मला कधीच मिळाला नव्हता.

पण बाबांना जिना उतरवेना. माझी देखभाल ठमीकडे आली. ती शिवणकाम करायची. शाळेच्या गणवेशांचे मोठे काम अंगावर होते. जागा पुरेना म्हणून कापडाचे गठ्ठे माझ्या अंगावर चढले. मला वारा लागेना. बॅटरीतले पाणी आटलेले दिसले तेव्हा तिने भाबडेपणाने नळाचेच पाणी ओतले. मी तापू लागलो, टीं टीं करून सांगू लागलो. "कशाला कुरकुरतोस रे?" असे म्हणून ती पुन्हा शिलाई मशीनवर बसे.

एके दुपारी वीज गेली. गणवेश संध्याकाळपर्यंत द्यायचे होते आणि इस्त्री राहिली होती. ठमीने बाबांच्या खोलीतल्या, माझ्यावर चालणाऱ्या सॉकेटमधून लांब वायर ओढली आणि बाहेरच्या खोलीत इस्त्री लावली. तो भार मला पेलवला नाही. मी ओरडलो आणि बंद पडलो. त्यासरशी वरचे मशीनही थांबले आणि धोक्याचा कर्कश आवाज करू लागले.

ठमी धावली. बाबांना धाप लागली होती. ते नुसते वायरीकडे बोट दाखवत होते. तिने इस्त्रीची पिन उपटली, जिना उतरून माझ्या अंगावरचे गठ्ठे भिरकावले आणि मला पुन्हा चालू केले. मी जीव एकवटून उठलो. पण पोटात त्राण कुठे होते? पाच मिनिटांत मी पुन्हा बंद. डॉक्टरांच्या सांगण्यावरून ठेवलेला प्राणवायूचा लहान सिलिंडर कपाटाआड होता. तिने तो उघडला. बाबांच्या ओठांचा निळेपणा हळूहळू ओसरला.

दुसऱ्या दिवशी वायरमनने बॅटरी उघडली. "नळाचं पाणी? क्षारांनी पार पोखरलीये. आणि ही कापडं! ताई, याला मोकळी हवा लागते. बॅटरीतून वायू निघतो, एखादी ठिणगी पडली असती तर?"

ठमीने मान वर केली नाही. "चुकलंच माझं," एवढेच म्हणाली.

नवी बॅटरी आली. पण त्याच आठवड्यात ठमीची परगावची थोरली ताई आली आणि बाबांना घेऊन गेली. तिचे घर तळमजल्यावर, दवाखान्याला लागून. बाबांना खुर्चीसकट खाली उतरवले. माझ्यापाशी त्यांनी हात वर करून खुर्ची थांबवायला लावली, खिशातला रुमाल काढला आणि माझ्यावरची धूळ पुसली.  मग खुर्ची दाराबाहेर गेली.

आता ठमी माझी निगुतीने काळजी घेते. काही कमी नाही. तरी वीज गेली की माझी सारी ताकद सवयीने वरच्या खोलीकडे धावते. तिथे कोणीच नसते. एक पंखा, एक दिवा, बस्स. हे हलकेपण मला सोसत नाही, मित्रांनो.

तिकडे ताईच्या घरी माझ्यासारखाच कोणीतरी असेल. मी त्याला पाहिलेले नाही. बाबांचा श्वास आता त्याच्या तारेतून जातो. त्याच्या अंगावर कुणी पसारा ठेवू नये, त्याला शुद्ध पाणी द्यावे, झेपेल तेवढाच भार घालावा, तो टीं टीं करू लागला तर हातातले काम टाकून उठावे. मी इथून हाक मारली तरी तिथे पोचणार नाही. म्हणून तुम्हाला सांगतो. तो कदाचित तुमच्या शेजारच्याच घरात असेल. एकदा डोकावून याल का?