चोरीचा नंबर पडलेला रंधा

मी एक जुना रंधा आहे. सुतारमिस्त्रींची धाकटी बहीण सासरी गेली, त्या वर्षी माझा जन्म झाला. तिच्या कपाटासाठी आणलेल्या लाकडातला एक ठोकळा उरला होता. मिस्त्रींनी तो कोरला, त्यात पोलादी पातं बसवलं आणि तोंडाशी पितळेची पट्टी लावली. पट्टीचे तीन स्क्रू सरळ बसले, चौथा तिरका गेला. तो त्यांनी तसाच राहू दिला.

बावीस वर्षं आम्ही दोघं एका फर्निचरच्या कारखान्यात राबलो. मालक मला हातात घेऊन गिऱ्हाइकांना दाखवायचा. "आमच्या मिस्त्रींनी स्वतः केलाय," असं कौतुकाने सांगायचा. मित्रांनो, हे वाक्य तुम्ही तरी लक्षात ठेवा, कारण पुढे मालक ते सोयीने विसरला.

झालं असं, की एका गिऱ्हाइकाने मिस्त्रींना विचारलं, हे टेबल अखंड लाकडाचं आहे ना? मिस्त्रींनी सांगून टाकलं, की वरचा थर तेवढा खरा, आत दाबलेला भुसा आहे. गिऱ्हाईक आल्या पावली परत गेलं. चौथ्या दिवशी मालकाने पोलिसांत तक्रार दिली, की मिस्त्रींनी कारखान्यातला रंधा चोरला. चोरीचा माल म्हणजे मी! पंचांसमोर माझं वर्णन लिहून घेतलं, माझ्या कुशीवर काळ्या शाईने नंबर टाकला आणि मला पोत्यात कोंबून एका अंधाऱ्या खोलीत फेकलं. तिथे माझ्या पात्याला गंज चढला. बाहेर मिस्त्रींना कोणी काम देईना. चोर म्हटल्यावर घरात कोण घेणार?

चार वर्षांनी ते निर्दोष सुटले. मला घरी आणल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं असेल? दुसरा रंधा घेऊन माझ्या कुशीवर दोन हात मारले. नंबर ढलपीबरोबर केरात गेला.

मग त्यांनी मालकावर नुकसानभरपाईचा दावा लावला. खोटं आहे हे ठाऊक असून मालकाने निव्वळ खुनशीपणाने आपल्याला खटल्यात गोवलं, असं त्यांचं म्हणणं होतं. मालकाच्या वकिलाने मला उचलून विचारलं, नंबर कुठे आहे? हा तोच रंधा कशावरून? न्यायाधीशांनी तेवढंच धरलं आणि दावा फेटाळला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पंचनामा त्याच फायलीत होता. तिरक्या स्क्रूपर्यंत सगळं त्यात लिहिलेलं होतं. पान उलटायची तसदी कोणी घेतली नाही.

"बाबा, पुराव्यालाच रंधा मारणारा माणूस तुमच्याशिवाय सापडायचा नाही," लेक म्हणाली.

मिस्त्री खाली मान घालून माझी पाचर बसवत होते. "चोरीचा नंबर अंगावर घेऊन तो माझ्या घरात कसा राहिला असता गं?"

आमच्या वकीलबाईंनी समजावलं, की थेट अपील करता येत नाही. अपील करू द्या, अशी परवानगी आधी वरच्या कोर्टाकडे मागायची, तीही एकवीस दिवसांत.

"म्हणजे रडू का नको, हेही त्यांनाच विचारायचं?" मिस्त्री म्हणाले. तरी त्यांनी अर्जावर सही केली.

वरच्या कोर्टातल्या न्यायाधीशबाईंनी पंचनामा वाचला, मला उलटं केलं आणि तिरक्या स्क्रूवर बोट ठेवलं. खालच्या कोर्टात हे कोणी पाहिलंच नाही का, असं त्यांनी मालकाच्या वकिलाला विचारलं. तो नुसता कागद चाळत राहिला. परवानगी मिळाली.

मित्रांनो, परवानगी म्हणजे न्याय नव्हे. इतक्या वर्षांनी आम्हाला एवढंच कळलं, की आमचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. माझी एकच विनवणी आहे. कोणाला चोर ठरवण्याआधी समोरचा कागद शेवटपर्यंत वाचा. आणि अपमानाची खूण पुसायची घाई झाली, तरी ती आधी चार माणसांना दाखवा.

अपिलाची तारीख अजून लागलेली नाही. अपिलावर आता लेकीचं नाव आहे. परवानगीचा कागद हाती पडल्यानंतर अकराव्या दिवशी, बुधवारी सकाळी, सुतारमिस्त्री वारले.