फणीची टपली

सकाळी मुलींच्या आंघोळी उरकल्या की त्या ओसरीवर रांग लावायच्या आणि मी स्टुलावर बसायचे. समोर लाकडी पाट. एकेक मुलगी येऊन पाटावर टेकायची. तिचं डोकं गुडघ्यांत धरायचं, तेलाचा हात फिरवायचा, मधोमध भांग, दोन वेण्या, दुमडून वर, लाल फिती. झालं की फणीच्या पाठीनं डोक्यावर एक टपली आणि "पुढची!" टपली पडली की मुलगी उठायलाच हवी. "मावशी, दुखते न," असं कुणी म्हटलं तर मी म्हणायचे, "दुखू दे. शाळेची घंटा माझ्या बापाची नाही." चाळीसेक डोकी व्हायची. सगळी झाली की मला स्टुलावरून उठताना खांब धरावा लागे.

नागपुरातल्या त्या मुलींच्या बोर्डिंगात मी राहून काम करत होते. राहून म्हणजे दिवसरात्र. उवा काढा, ओल्या झालेल्या गाद्या कुणाला न कळता उन्हात टाका, तापल्या कपाळावर घड्या ठेवा, मोठ्या होऊ घातलेल्या मुलीला न्हाणीमागे नेऊन चार गोष्टी समजावून सांगा. घरच्या आठवणीनं कुणी रडायला लागली तर मी तिला जवळ घेत नसे. एकीला घेतलं की लगेच दुसरीही रडत येते, हा माझा अनुभव. मी तिला कामाला लावायचे, जा, फिती धुऊन आण. फिती धुता धुता रडणं आपोआप थांबतं.

कुणी पाहुणे आले की आमच्या अधीक्षक इंदुताई माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगायच्या, "ह्या पंचफुलाबाई. मुलींच्या आईच म्हणा ना." पाहुणे माना डोलवायचे. कुठल्या आईला चाळीस डोकी असतात, असं माझ्या अगदी ओठावर यायचं. पण पाहुण्यांसमोर कोण बोलतं.

खरी आई मी एकीचीच होते. माझा नवरा इतवारीत धान्याच्या गोदामात हमाली करायचा. तो तापानं गेला तेव्हा गोपिका नुकती बोलायला लागली होती. बोर्डिंगात काम मिळालं, पण पोर सोबत ठेवायची नाही, हा नियम. स्वतःची पोर असली की चांगला घास आधी तिच्या ताटात पडतो, असं तेव्हाच्या अधीक्षकबाई म्हणाल्या. खोटं नव्हतं ते. मी गोपिकेला मौद्याजवळच्या खेड्यात भावाकडे, रुपरावकडे ठेवलं आणि दिवाळीच्या सुट्टीत तिला भेटायला जाऊ लागले.

मी पोचायचे तोवर माझ्या भावजयीनं तिची वेणी घातलेली असायची. सोडून पुन्हा घालते म्हटलं की गोपिका दोन्ही हातांनी डोकं धरायची. "मामीनं घातली," म्हणायची. मग मी तिला शेव-चिवडा द्यायचे. तेवढंच माझ्या हातात होतं. अशीच ती मोठी झाली, आणि रुपरावनं उमरेडच्या एस.टी. डेपोत मेकॅनिक असलेला श्रीधर पाहून तिचं लग्नही लावून दिलं. लग्नात मी पाहुणीसारखी बसले होते.

बांगला देशची लढाई झाली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. होळी होऊन गेली होती. रुपराव बोर्डिंगच्या फाटकाशी आला आणि आत न येता तिथंच उभा राहिला.

"बाई, गोपिकेले सातवा लागला. तिची सासू म्हनते, पयलं बाळंतपन मायरीच झालं पायजे."

"मंग? आन नं तिले घरी. मले काहून इचारतं?"

"माह्या सुनेचं दुसरं आहे, त्याच वक्ताले. एका छपराखाली दोन बाळंतिनी चालत नाहीत आपल्यात. तुले मालूम आहे, बाई."

मला माहीत होतं. तो सबब सांगत नव्हता, म्हणून त्याच्याशी भांडताही येईना.

"सासू काय म्हनते मालूम आहे?" रुपराव म्हणाला. "म्हनते, जिले मायेरच नाही, तिचे लाड आमी काहून करावं? रोज आयकवते पोरीले."

तो गेला आणि मी फाटकाशी तशीच उभी राहिले. माझ्या पोरीला माहेर पाहिजे होतं, आणि माझ्याकडे एक पत्र्याची पेटी नि एक खाट होती. ती खाटही मुलींच्या झोपायच्या खोलीत, दाराजवळच्या कोपऱ्यात. गोपिकेसाठी मी आजवर काही केलं नव्हतं, हे मला कुणी सांगायला नको होतं. हे एक बाळंतपण तरी माझ्या हातानं व्हावं, एवढीच माझी इच्छा होती. हेही हुकलं असतं तर तिनं मला माय कशाला म्हणावं?

दुसऱ्या दिवशी मी इंदुताईंसमोर उभी राहिले. आजाऱ्यांची खोली मागितली. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती रिकामीच असते.

इंदुताई चहा पीत होत्या. कप खाली ठेवून म्हणाल्या, "पंचफुलाबाई, एवढ्या वर्षांत तुम्ही कधी काही मागितलं नाहीत."

"म्हनूनच तर आज मागून राहिली, ताई."

त्यांनी कप पुन्हा उचलून चहा संपवला. मग म्हणाल्या, "बाळंतपण सरकारी दवाखान्यात. आणि शाळा उघडायच्या आत खोली मोकळी हवी."

मी बाहेर आले आणि ओसरीवरच्या खांबाला टेकून हसले. स्वयंपाकघरातून आमची स्वयंपाकीण सिंधूताई पाहत होती. "काय झालं वं?" तिनं विचारलं. "पोरगी येऊन राहिली माही," मी म्हटलं. असं मी बोर्डिंगात पहिल्यांदाच बोलत होते.

मी इतवारीतून डिंक आणला, खारीक आणली. जुनी लुगडी धुऊन धुऊन मऊ केली, त्यांची दुपटी शिवली. निरोप उमरेडच्या गाडीच्या कंडक्टरकडे दिला, मुली घरी गेल्या की लगेच गोपिकेला आणून सोडा. बाळ यायच्या आधी चांगला महिनाभर मिळणार होता. त्या महिन्यात मी काही म्हणता काही करणार नव्हते. ओसरीवर तिचे केस मोकळे करून बसणार होते. तिला काय बोलायचं असेल ते बोलू द्यायचं, मला काय बोलायचं ते मी बोलेन.

परीक्षा संपल्या. पालक आले, पेट्या निघाल्या. शेवटच्या दिवशी जयवंता नावाची चौथीतली मुलगी काही केल्या उठेना. परकर वर करून पाहिलं तर पायावर, पोटावर पाणी भरलेले फोड. कांजण्या.

तिचे वडील बाबाराव जीप घेऊन आले होते. मोठे शेतकरी, डोक्यावर पांढरीशुभ्र टोपी. त्यांनी दारातूनच पाहिलं, हात जोडले. "मातेचं अंग आहे," म्हणाले. "लेकराले हालवता येत नाही. तुमी आहातच म्हना."

आहेच! मी कुठं जाणार? आंब्यांची एक टोपली ठेवून ते जीपमध्ये बसले आणि मी जयवंताला उचलून आजाऱ्यांच्या खोलीत नेलं. जी खाट मी गोपिकेसाठी उन्हात टाकून, ढेकूण मारून आणली होती, त्याच खाटेवर तिला झोपवलं.

पोटुशीनं कांजण्यांच्या सावलीलाही जायचं नसतं. त्याच कंडक्टरकडे दुसरा निरोप दिला, थांबा, इतक्यात आणू नका. खपल्या धरायला लागल्या असं वाटलं तोच नवे फोड आले, आणि तिसरा निरोप द्यावा लागला. यावेळी कंडक्टर म्हणाला, "मावशी, तुमची विहीण लई बोलून राहिली. म्हनते, मायले पोरगी नको आहे तर सरळ सांगा."

मी आल्या पावली जयवंताच्या खाटेकडे परत गेले.

नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यांत तापलेले नऊ दिवस, सुरू झाला होता. खिडकीला वाळ्याचा पडदा लावून मी त्यावर पाणी मारत राहायचे. कडुनिंबाच्या डहाळीनं जयवंताच्या अंगावरून वारा घालायचे, ती खाजवायला गेली की हात धरायचे. पाठीचा काटा ढिला झाला होता. सुट्टीत मी दरवर्षी पोटभर झोपून घ्यायचे, ती झोपही गेली. या पोरीला दुसरा महिना मिळाला नाही? असं मनात यायचं, आणि मनात आल्याची लाज वाटायची. पोर बिचारी अंगभर फोड घेऊन माझ्या पदराचं टोक मुठीत धरून पडली होती.

"मावशी," एकदा तिनं विचारलं, "आमी घरी गेलो का तुमी काय करता?"

"झोपते," मी म्हटलं.

शेवटी खपल्या गळल्या. निंबाच्या पाण्यानं तिला न्हाऊ घातलं, बाबाराव येऊन तिला घेऊन गेले. मी खोली फिनेलनं धुतली, भिंतींना चुना मारला, गादी उकलून कापूस उन्हात पसरला. मग निरोप दिला, आता आणा.

श्रीधर गोपिकेला घेऊन आला तेव्हा शाळा उघडायला फार दिवस उरले नव्हते. तिचं पोट खाली उतरलं होतं, पाय सुजले होते. बोर्डिंगच्या दारात थांबून ती म्हणाली, "येऊ काय आता? का अजून कोनी बिमार आहे?"

श्रीधर जमिनीकडे पाहू लागला. मी भाकरीचा तुकडा आणि पाणी तिच्यावरून ओवाळून टाकलं. तिनं मान पुढे केली, नको तेवढ्या शहाण्यासारखी. मला वाटलं, हिनं भांडावं. मोठ्यानं बोलावं. पण श्रीधर संध्याकाळच्या गाडीनं परत गेला आणि गोपिका पाहुण्यासारखी वागू लागली. आपलं अंथरूण आपण घडी करायची. माठातलं पाणी घेताना विचारायची. जेवण झालं की ताट उचलायला माझ्याआधी उठायची. सिंधूताईनं मला विचारलं, "पोरीले वांगं चालते काय?" मला सांगता आलं नाही. मी तिच्याकडे पाहिलं, तिनं खाली पाहिलं. "चालते," गोपिका म्हणाली. मग ताटातलं वांगं तिनं बाजूला सारून ठेवलं.

तिच्या केसांचा गुंता झाला होता. हात वर केले की तिला धाप लागायची. एका संध्याकाळी मी ओसरीवर पाणी शिंपडलं, स्टूल मांडलं, पाट मांडला.

"ये, वेनी घालून देतो."

"राहू दे, माय. तू थकली."

"ये म्हनतो नं."

ती आली. एक हात जमिनीला, एक माझ्या गुडघ्याला टेकवून हळूच पाटावर बसली. मी तिचे केस मोकळे केले. केस दाट होते, तिच्या बापासारखे. इतक्या वर्षांत ते मी पहिल्यांदाच हातात धरत होते. तेल टाकलं. टाळूवर बोटं फिरवली. तिची मान जराशी सैल झालेली मला कळली आणि मला रडू यायला लागलं. बोलायचं तरी किती होतं! वांगं नको हे का नाही सांगितलंस, सासू फार बोलते का, मामीची आठवण येते का. कुठून सुरू करावं तेच कळेना. ओसरीवर वारा नव्हता. महिन्याभराचं जागरण डोळ्यांवर उतरू लागलं आणि माझे हात त्यांना माहीत असलेलं काम करायला लागले.

टप् असा आवाज झाला.

"पुढची!"

तो आवाज माझाच होता. मी डोळे उघडले. समोर भर दिवसांची बाई, आणि तिच्या डोक्यावर शाळेच्या दोन वेण्या, दुमडून वर, लाल फिती बांधलेल्या. फिती स्टुलाला अडकवलेल्या पिशवीतच असायच्या. फणी अजून माझ्या हातात वर धरलेली.

गोपिका उठली. तसं कुणी डोक्यावर मारून म्हटलं की माणूस उठतोच. भिंतीला धरून ती उभी राहिली. हातानं एक फीत चाचपली. मग तिनं ओसरीवर शेवटपर्यंत नजर टाकली. तिथं कुणी नव्हतं.

आता ही आपली कपड्यांची पिशवी भरून निघणार, असं मला वाटलं. भरावीच तिनं. चाळीस पोरींच्या रांगेत मी तिलाही बसवली होती.

गोपिका पुन्हा खाली बसली. तसाच एक हात जमिनीला, एक माझ्या गुडघ्याला. पाठ माझ्याकडे केली.

"माय," ती म्हणाली, "पुढचीबी मीच आहो. सोड, अन् पुन्हा घाल."

मी फिती सोडायला लागले.