समाधी लागणारा पक्षी

फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. टेबलावर काचेचा एक पक्षी. डोक्याला मखमल, पोटात लाल पाणी. तो डुलत डुलत वाकायचा, पेल्यात चोच बुडवायचा, उठायचा, पुन्हा डुलायचा.

"ना चावी, ना सेल, ना वायर!" पक्षीबाबा गरजले. "सात वर्षं पोटात अन्नाचा कण नाही! सगळी कॉस्मिक शक्ती! प्रश्न विचारा, दहा मोजा. तेवढ्यात चोच बुडली तर 'हो'!"

'कॉस्मिक' हा शब्द ते दर वाक्यावर मिठासारखा भुरभुरवत.

आठवड्यापूर्वी माझ्या वडिलांनी विचारलं होतं, "हृदयाच्या गोळ्या सोडू का?" चोच बुडली. गोळ्या सुटल्या. आता जिना चढताना ते दोनदा थांबत आणि म्हणत, "शरीर शुद्ध होतंय."

मी घाबरून आत्याला बोलावलं. आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण, भौतिकशास्त्रज्ञ. पाण्यावरून रेणू निसटतात कसे, उष्णता कुठे जाते, यावर तिनं छत्तीस वर्षं संशोधन केलेलं. वडील चिडवायचे, "हिनं जन्मभर पाणी सुकताना बघितलं आणि वर पगार घेतला!"

आत्या पिशवीत मोठी काचेची बरणी घेऊन आली. अर्धा तास घड्याळ बघत बसली. मग माझ्या कानात म्हणाली, "पक्षी दर तीस सेकंदांनी वाकतो. 'हो' हवं असेल तर बाबा विसाव्या सेकंदानंतर विचारू देतात. 'नाही' हवं असेल तर तो उठल्या उठल्या."

ती उठली. "बाबा, यावर ही बरणी ठेवू? पक्ष्याला हात लावणार नाही."

"शंकेखोर माणसाच्या सावलीनंसुद्धा शक्ती..."

"ठेव गं!" वडीलच ओरडले. "तुझं एकदाचं समाधान होऊ दे."

आत्यानं बरणी उपडी घालून पक्षी आणि पेला, दोन्ही झाकले. पक्षी वाकला. पुन्हा वाकला, पण सावकाश. वीसेक मिनिटांत निश्चल.

"समाधी लागली!" बाबा म्हणाले.

आत्यानं बरणी उचलली, वहीनं वारा घातला. पक्षी डुलू लागला. झाकला, थांबला. उघडला, चालला.

"समाधी फार आज्ञाधारक आहे हो!" मागून कुणीतरी म्हणालं. हॉल हसला.

"हे खेळणं आहे," आत्या म्हणाली. "मखमल ओली आहे. पाणी उडतं, डोकं गार होतं. आतली वाफ आकसते, पोटातला द्रव मानेत चढतो, डोकं जड होऊन वाकतं. वाकल्यावर द्रव परत खाली. बरणीतली हवा दमट झाली की पाणी उडत नाही, मग डोकं गार कसं होणार? याला चालवते ती या खोलीतली ऊब. तुमच्या हृदयाबद्दल त्याला काय ठाऊक?"

टाळ्या पडल्या. ती तिकडे वळेपर्यंत बाबा पक्षी बगलेत मारून मागच्या जिन्यानं पसार.

वडील खुर्चीतच बसून राहिले. "सगळ्यांसमोर मूर्ख ठरलो गं."

"दादा, मी अकरा वर्षं एक गणित चुकीचं धरून बसले होते. माझ्याच विद्यार्थिनीनं दाखवलं. घरी येऊन रडले, मग स्वतःच छापून टाकलं, माझं चुकलं म्हणून. त्यानंतरच माझं खरं काम झालं. चल, डॉक्टरांचा दवाखाना उघडा आहे."

तिचा हात धरून ते उठले.

वाचकहो, नवल वाटू द्या. तो पक्षी खरंच देखणा होता. पण जो तपासू देत नाही, त्याच्या हाती आपला जीव देऊ नका.