नाशपातीची फोड

मी एक सुरी आहे. खंजीर नव्हे, जीनगराची, चामडं कापायची साधी सुरी. फ्रान्समधल्या एका नदीकाठच्या गावात, इझाकच्या हातात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. इझाक नव्या, प्रोटेस्टंट पंथाचा. तो आणि त्याचा धाकटा भाऊ दानिएल दार लावून स्तोत्रं म्हणायचे.

एका रविवारी कोठारात प्रार्थना चालू असताना सुभेदाराचे कॅथलिक शिपाई घुसले, काहींना कैद करून नेलं. दानिएल जिवंत परत आलाच नाही. त्यानंतर इझाकनं मला चामड्याला लावणं कमी केलं. नुसता दगडावर घासत बसायचा.

"भावोजी, पुरे करा आता," दानिएलची बायको सुझान म्हणाली.

"सुभेदार जिवंत असताना पुरे?"

"अहो, हा तर आत्ता आलाय. तेव्हाचा वेगळा होता."

"गादी तीच ना?"

इझाक पुन्हा मला घासू लागला.

नवं जीन पोचवायच्या निमित्तानं इझाक किल्ल्यात गेला. मी त्याच्या अंगरख्यात. सुभेदार म्हातारा होता, एकटाच जेवत होता.

"झकास शिवलंस रे! तुमच्या लोकांवर फार अन्याय झाला. कैदेतल्यांना उद्या सोडतोय. आमचे लोक ओरडतील, ओरडू देत. सुरी आहे का तुझ्याकडे? दात राहिले नाहीत मला."

इझाकनं मला त्याच्या हातात दिलं! म्हाताऱ्यानं नाशपाती चिरली, अर्धी इझाकला दिली, मला बाहीला पुसून मुठीकडून परत केलं. इझाकनं फोड खाल्ली. मला वाटलं, चला, सुटले, आता घरी.

तोच मी म्हाताऱ्याच्या छातीत होते.

"अरे!" इझाक ओरडला, जणू वार दुसऱ्याच कुणी केला होता.

त्यानं फोडीसकट सगळं कबूल केलं. त्याला भर चौकात मारलं. कैदी सुटले नाहीत. त्यांनाही फासावर चढवलं.

मला चर्चमध्ये पेटीत ठेवलं. येणारेजाणारे थुंकायचे. पुढे गाव नव्या पंथाच्या हाती गेलं, तेव्हा लोक मला 'देवाची सुरी' म्हणू लागले. मी तर तीच आहे. मग नेमकी कोण आहे?

काल सुझान आली. केस पांढरे झालेत. ती थुंकली नाही, हातही जोडले नाहीत. पेटीवर वाकून हळूच म्हणाली, "शेवटी तू होतीस ना गं भावोजींपाशी? फोड खाल्ल्यावरसुद्धा का मारलं त्यांनी?"

बाई, मला वाटलं होतं, ते तू सांगशील.